बीटलचा जड क्लच

या चित्रफितीतली ही गाडी 1968 सालची फोक्सवॅगन बीटल. क्लच दाबताना चालक आसनाच्या पाठीला रेलून पूर्ण पाय ताठ करतो, हे सुरुवातीच्या दृश्यात दिसतेच.

या गाडीचे इंजिन मागे आणि पेडल पुढे असल्यामुळे पायाचा जोर दोन मीटरांहून लांब पोलादी तारेने मागे पोहोचवावा लागतो. मजल्याच्या मधोमध असलेल्या बोगद्यातील नळीतून ही तार जाते आणि शेवटच्या टप्प्यात, गिअरबॉक्सजवळ, एका लवचिक बाऊडन नळीतून (सायकलच्या ब्रेकच्या तारेवर असते तशा वेष्टनातून) बाहेर येते. या नळीला मुद्दाम थोडा वाक दिलेला असतो. सरळ रेषेपासून तो 25 ते 45 मिलिमीटर असावा लागतो, कारण नळी फार सरळ राहिली तर गाडी सुटताना थरथरते आणि फार वाकली तर तार आत घासून पेडल जड होते.

पेडल जड झाले की इंजिन उतरवून क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. इथल्या कारागिरांनी आधी मोजपट्टी हातात घेतली, आणि आमच्या मते तेच योग्य होते. स्टँडवर टेकवलेल्या गाडीखाली, नळीच्या दोन्ही टोकांना पट्टी लावून त्यांनी वाक मोजला, तो 60 मिलिमीटर भरला. पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत नळीच्या टोकाशी जास्तीचे वॉशर घातले गेले होते; त्यांतले दोन काढताच वाक 35 वर आला.

तार पेडलच्या आकड्यातून सोडवण्याचे काम अंधाऱ्या कोपऱ्यात झाल्याने ते चित्रित करता आले नाही. मात्र बाहेर ओढलेल्या तारेवर वाळून काळे पडलेले ग्रीस इथे स्पष्ट दिसते. तारेचे सर्व पदर शाबूत असल्याने तीच पुसून, नवे ग्रीस लावून पुन्हा ओवण्यात आली. वाक कमी झाल्याने ढिली पडलेली तार मागच्या विंग नटने (हाताने फिरवता येणाऱ्या, दोन पंखांच्या नटने) ताणताना, तिला पीळ पडू नये म्हणून टोक पकडीत धरलेले आहे. पेडलला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची सैल हालचाल, ठेवली आहे.

जड पेडल तसेच रेटत राहिल्यास तार तुटते किंवा बोगद्यातील नळीचा जोड निखळतो.

आता चालक पुन्हा बसला आहे. या वेळी त्याची पाठ आसनापासून मोकळी आहे.