जवाचं कणीस, द्राक्षाचं पान

[पडद्यावर: दोन बोटांत धरलेलं सोन्याचं नाणं]

वजन सुमारे ५.४ ग्रॅम. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने मोजलं तर अर्ध्या तोळ्याहून जरासं जास्त. रुंदी जेमतेम १८ मिलिमीटर. एका बाजूला जवाचं कणीस आहे, त्याची कुसळंसुद्धा मोजता येतात. कणसाच्या डावीकडे दोन अक्षरं, उजवीकडे दोन: सी, ए, एम, व्ही. पूर्ण नाव कामुलोडुनम, म्हणजे कामुलोस या युद्धदेवाचा कोट. आजचं इंग्लंडमधलं कोलचेस्टर. नाणं उलटवलं की उधळलेला घोडा दिसतो आणि त्याच्या पायांखाली राजाच्या नावाची पहिली अक्षरं, ‘कुनो’.

हा कुनोबेलिनस. इसवी सन १० ते ४० च्या सुमारास दक्षिण ब्रिटनमधला सगळ्यांत मोठा राजा. घराणं कातुवेल्लाउनी टोळीचं, टेम्स नदीच्या उत्तरेकडचं, आणि मूळ ठाणं वेरलामियन, आजचं सेंट ऑल्बन्स. कामुलोडुनम मात्र शेजारच्या त्रिनोवांतेस टोळीचं. इसवी सनपूर्व ५४ मध्ये ज्युलियस सीझर ब्रिटनमधून परतला तेव्हा पराभूत कासिवेल्लाउनसला त्याने बजावलं होतं, त्रिनोवांतेसच्या वाटेला जायचं नाही. या कासिवेल्लाउनसला बहुतेक अभ्यासक कातुवेल्लाउनींचाच पूर्वज मानतात. त्या ताकिदीचं पुढे काय झालं, ते कणसाच्या दोन बाजूंची चार अक्षरं सांगतात.

[पडद्यावर: खळगे असलेल्या भाजक्या मातीच्या पाटीचे तुकडे]

आता टाकसाळीत जाऊ. आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा. तसेच खळगे पाडलेल्या मातीच्या जाड पाट्या वेरलामियन, ब्रॉइंग आणि कामुलोडुनमला सापडल्या आहेत, बहुतेक तुकड्यांच्या रूपात. एका प्रकारच्या पाटीत सात गुणिले सात खळगे आणि टोकाशी एक जादा, असे पन्नास. सोनं, चांदी आणि तांबं आधी तोलायचं आणि प्रत्येक खळग्यात एका नाण्यापुरताच माल टाकायचा. वरून कोळसा, मग भाता. पारा हजार अंशांच्या पुढे गेला की धातू वितळतो आणि स्वतःच्या ताणाने गोळा होऊन मण्यासारखा बसतो. मणी खळगा भरून टाकत नाही, म्हणून खळग्याच्या मापावरून नाण्याचं वजन काढायला गेलं की हिशेब चुकतो.

हा खटाटोप कशासाठी? वितळलेला रस ओतून प्रत्येक नाणं नेमक्या वजनाचं करणं जवळजवळ अशक्य. तोलून मग वितळवलं तर वजन आधीच पक्कं झालेलं असतं. कोळसाही नुसत्या आचेसाठी नव्हता. उघड्या हवेत तांबं जळतं, पापुद्रा धरतं, आणि कसाचा हिशेब बिघडतो. कोळशाखाली हवा पोचत नाही. काही खळग्यांत खडूसारखा पांढरा लेपही सापडतो, धातू मातीला चिकटू नये म्हणून दिलेला.

मणी ठोकून चपटा करायचा. ठोकताना धातू कडक होत जातो, म्हणून मधूनमधून लाल तापवावा लागतो. तिथे घाई केली की काठ फाटतो, आणि फाटक्या काठाची नाणी आजही पाहायला मिळतात. मग खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, चकती त्यावर ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि घण घालायचा. घाव थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो आधी झिजतो. ठशाला तडा गेला की ती तड नाण्यावर उंच रेघ होऊन उमटते. त्या रेघेवरून कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे लावता येतं. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे पूर्ण चित्र एका नाण्यावर सहसा येत नाही. इथे कणसाचं टोक कापलं जातं, तिथे घोड्याचं नाक.

कुनोबेलिनसच्या सोन्याच्या नाण्यात शुद्ध सोनं सुमारे ४० टक्के, बाकी चांदी आणि तांबं. तांब्यामुळे त्याला तांबूस झाक येते. कस कमी म्हणून ते खोटं ठरत नाही, कारण पुढचं नाणंही त्याच कसाचं निघायचं, आणि राजाची पत त्यावरच टिकून होती. खोटी नाणी वेगळी. त्यांच्या आत तांबं आणि वर सोन्याचा मुलामा. काठ झिजला की आतलं हिरवं पडतं.

[पडद्यावर: चांदीची आणि कांस्याची नाणी]

चांदी आणि कांस्यावर हा राजा वेगळाच दिसतो. रोमन धाटणीचे चेहरे, स्फिंक्स, आणि लॅटिनमध्ये ‘तास्कियोवानसचा पुत्र’. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस स्वतःला ‘देवाचा पुत्र’ म्हणवून घ्यायचा, त्याच साच्यातलं हे वाक्य. रोमन चरित्रकार सुएटोनियसने कुनोबेलिनसला ‘ब्रिटनांचा राजा’ म्हटलं आहे, आणि रोमने त्याच्या हयातीत स्वारी केली नाही. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने त्याचं रोखठोक कारण दिलं: व्यापारावरच्या जकातीतून मिळतं तेवढं उत्पन्न फौज ठेवून खंडणी वसूल केली तरी मिळणार नाही. ब्रिटनमधून जाणाऱ्या मालाची त्याची यादी अशी: धान्य, गुरं, सोनं, चांदी, लोखंड, कातडी, शिकारी कुत्रे आणि गुलाम. या यादीतले गुलाम वगळून कुनोबेलिनसच्या वैभवाबद्दल बोलणं मला प्रामाणिक वाटत नाही.

त्याची राजधानी दाट वस्तीचं शहर नव्हती. नद्यांच्या मधली जमीन मैलोन् मैल खंदक आणि मातीच्या बांधांनी राखलेली, आणि आत शेतं, कुरणं, गॉसबेक्सचा राजवाडा, कोल्न नदीकाठी शीपनची कारागिरांची वस्ती आणि धक्का. रथांवर येणाऱ्या शत्रूला अडवायला हे बांध उत्तम होते.

टेम्सच्या दक्षिणेला आट्रेबेट्स टोळी. त्यांचा राजा वेरिका. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर द्राक्षाचं पान. इकडे जव, म्हणजे बिअर. तिकडे द्राक्ष, म्हणजे रोमची वाइन. या दोन चित्रांत राजकीय टोला असावा, असं काही अभ्यासक मानतात. मला तो तर्क पटतो, पण त्यावर फार भार टाकू नये, कारण शीपनच्या मातीतही वाइनच्या कुंभांची खापरं निघतात.

मग घडी विस्कटली. कुनोबेलिनसने आपला मुलगा अडमिनियस याला हाकलून दिलं आणि तो रोमन सम्राट कॅलिग्युलाच्या आश्रयाला गेला. म्हातारा राजा ४० च्या सुमारास वारला. टोगोडुम्नस आणि काराटाकस हे दोघे मुलगे पुढे आले. दक्षिणेत, आट्रेबेट्सच्या मुलखात, काराटाकसची छोटी चांदीची नाणी मिळतात: एका बाजूला हर्क्युलिसचं डोकं आणि ‘कारा’ ही अक्षरं, दुसऱ्या बाजूला गरुड. वेरिका रोमला पळाला आणि कॅलिग्युलानंतरचा सम्राट क्लॉडियस याला स्वारीचं निमित्त मिळालं.

इसवी सन ४३. रोमन सेनापती औलस प्लॉटियस चार लीजन, म्हणजे रोमन फौजेच्या चार मोठ्या तुकड्या, घेऊन उतरला. नदीवर, बहुधा मेडवेवर, लढाई दोन दिवस चालली. टोगोडुम्नस थोड्याच दिवसांत मारला गेला. क्लॉडियस ब्रिटनमध्ये १६ दिवस होता. तेवढ्यात त्याने कामुलोडुनम घेतलं, आणि मोहिमेच्या तयारीत हत्तीही होते. काराटाकस पश्चिमेला, वेल्सच्या डोंगरांत गेला आणि ५१ पर्यंत लढला. अखेर ब्रिगांतेस टोळीची राणी कार्टिमांडुआ हिने त्याला रोमनांच्या हवाली केलं.

[पडद्यावर: कोलचेस्टरचा किल्ला, पायथ्याचे दगड]

कामुलोडुनममध्ये आधी सैन्याची छावणी उभी राहिली. ४९ मध्ये तिथे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली, आणि त्यांनी त्रिनोवांतेसच्या जमिनी बळकावल्या. क्लॉडियसचं मंदिर बांधलं गेलं. ६० किंवा ६१ मध्ये इसेनी टोळीची राणी बुडिका हिच्या रोमविरुद्धच्या उठावात त्रिनोवांतेस सामील झाले आणि त्यांनी हे गाव जाळलं. नॉर्मनांचा किल्ला आज त्याच मंदिराच्या चौथऱ्यावर उभा आहे, आणि शहरात पाया खणताना जळलेल्या मातीचा लाल थर अजूनही लागतो.