मोहाच्या झाडावरचा कॅन

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील एका पाड्याच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, हे मोहाचे झाड आहे. पाच लिटर तेलाचा प्लास्टिकचा कॅन वरून कापून त्याच्या बुंध्याला तारेने बांधलेला आहे आणि त्यात चार मोबाईल उभे ठेवलेले आहेत. कॅनमध्ये ठेवलेल्या फोनवर रेंजची एक कांडी दिसते. तोच फोन हातात घेऊन दोन पावले बाजूला झाले की ती जाते. म्हणून इथे फोन कानाला लावून कोणी बोलत नाही. स्पीकर सुरू करून, झाडाकडे तोंड करून बोलतात, आणि सुरतेकडे ऊसतोडीला गेलेल्या मुलाशी आईचे जे बोलणे होते ते रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू येते.

सातपुड्यात रेंज का पोहोचत नाही, हे या सोंडेवरून पाहिले की सहज कळते. मोबाईलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की त्यांची ताकद तिथेच संपते. इथली वस्ती सपाटीवरच्या गावासारखी एका जागी नाही. एका गावाचे पाडे तीन-चार टेकड्यांवर पांगलेले असतात आणि दोन पाड्यांच्या मध्ये एखादी खोल घळ असते. सरकारी यादीत मात्र गाव मोजले जाते, पाडा नव्हे. धडगावात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक आधी लक्षात घ्यावा, असे आम्हाला कळकळीने वाटते.

याच नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक तिथे दिले गेले. ओळख पटवण्याची नवी व्यवस्था या जिल्ह्यातून सुरू झाली, परंतु ती व्यवस्था ज्या नेटवर्कवर चालते ते डोंगरातल्या पाड्यांपर्यंत आले नाही. रेशन दुकानातील हे यंत्र पाहा. अंगठा ठेवला की ठसा पडताळणीसाठी दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि होकार आला की धान्य मोजले जाते. रेंज नसेल तर यंत्रावर गोल चक्र फिरत राहते आणि पाच किलोमीटर चालत आलेली बाई पायरीवर बसून राहते.

अशा भागात टॉवर उभारणे खाजगी कंपनीला परवडत नाही, कारण खर्च जास्त आणि ग्राहक मोजके. हे ओळखूनच २००२ साली सार्वत्रिक सेवा निधी स्थापन झाला आणि २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील (ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नातील) पाच टक्के रक्कम त्यात जाते. म्हणजे पुण्या-मुंबईत आपण जो रिचार्ज मारतो, त्यातला एक वाटा डोंगरातल्या टॉवरसाठी असतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच राज्यांतील ४४ आकांक्षित (विकासात मागे राहिलेले म्हणून सरकारने निवडलेल्या) जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांना ४जी देण्याचा निर्णय घेतला. त्यात महाराष्ट्रातील ६१० गावे होती आणि नंदुरबार हा आकांक्षित जिल्ह्यांपैकीच एक आहे. पुढे जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर होऊन ती बीएसएनएलकडे सोपवली गेली.

आता या पायवाटेवरची माणसे पाहा. ट्रक खाली नाल्यापाशी थांबला आहे आणि टॉवरचे लोखंडी अँगल खांद्यावरून वर चालले आहेत. लांब अँगल दोघांनी उचलायचा, पुढच्याने पावलाची जागा बघायची आणि मागच्याने त्याच्या पावलावर पाऊल टाकायचे, अशी ही चाल आहे. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक ठोकलेला असतो. वर पोहोचल्यावर मुकादम ते क्रमांकाप्रमाणे जमिनीवर मांडून घेतो, कारण एक अँगल जरी खाली राहिला तरी जोडणी अडते आणि त्याच्यासाठी कोणाला तरी पुन्हा नाल्यापर्यंत उतरावे लागते.

पायासाठी काळा पाषाण फोडावा लागतो. काँक्रीट ओतल्यावर ते अनेक दिवस ओले ठेवायचे असते, आणि उन्हाळ्यात ज्या झऱ्यावर पाड्याची तहान भागते त्याच झऱ्याचे पाणी हंड्यांनी वर आणून या पायावर घातले जाते. स्वतःच्या घरचा हंडा आधी टॉवरच्या पायावर रिकामा करणाऱ्या या बायकांचे नाव कोणत्याही फलकावर नसेल. पाया पक्का झाला की कप्पी आणि दोर यांच्या साहाय्याने एकेक टप्पा वर चढतो. कमरेला पट्टा बांधलेला मजूर वर लोखंडाला बिलगून बसतो, खालून आलेला अँगल हाताने ओढून भोकाला भोक जुळवतो, बोल्ट घालतो आणि मग पुढच्याची वाट पाहतो.

सर्वात नाजूक काम शेवटी येते. ही गोल तबकडी दूरच्या टॉवरवरील तबकडीसमोर अगदी नेमकी यावी लागते, कारण फायबर इथवर आलेली नाही आणि सारा संपर्क या दोन तबकड्यांमधूनच होणार आहे. दोन्ही टोकांना माणसे चढलेली असतात. एकाने तबकडी केसभर फिरवायची आणि दुसऱ्याने मीटरवरचा आकडा सांगायचा. मोबाईलची रेंज आणायला आलेल्या या माणसांना इथे मोबाईलवर बोलता येत नाही, म्हणून हे सारे वॉकीटॉकीवरून चालले आहे. वीज भरवशाची नसल्याने शेजारी सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या आहेत.

बीएसएनएलच्या या ४जी यंत्रणेचा गाभा, म्हणजे कॉल आणि डेटा हाताळणारा मध्यवर्ती भाग, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने तयार केला, टॉवरवरची रेडिओ उपकरणे तेजस नेटवर्क्स या कंपनीने दिली आणि सगळ्याची जुळणी टीसीएस या कंपनीने केली आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून या स्वदेशी ४जीचे उद्घाटन झाले. संपूर्ण जाळे देशातच तयार करण्याच्या निर्णयात वेळ गेला, तरीही तो निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे.

रेंज आल्यावर प्रश्न उरतो तो पैशांचा. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सुमारे २६९ रुपये पडत असत, ते आता दहा रुपयांच्या आत आले आहेत. परंतु डोंगरातला माणूस जीबीचा हिशेब करत नाही, तो महिन्याचा रिचार्ज पाहतो. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यालाही डेटासह पॅक घ्यावा लागू नये, म्हणून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष रिचार्ज व्हाउचरची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. वर्षातले अनेक महिने गुजरातेत ऊस तोडणाऱ्या कुटुंबासाठी हा पॅक स्वस्तच असला पाहिजे, कारण त्यांना बहुतेक वेळा एवढेच हवे असते की घरचा फोन लागावा.

टॉवर सुरू झाल्यापासून १०८ क्रमांकाला पाड्यावरूनच फोन लागतो आणि रेशनच्या यंत्रावरचे चक्र फार वेळ फिरत नाही.

मोहाच्या झाडाला आता फक्त तारेचा वळ दिसतो आहे. तो कॅन सोंडेपलीकडच्या घळीतल्या पाड्यावरची मुले सोडवून घेऊन गेली. टॉवर याच गावाचा आहे, पण त्या पाड्यापर्यंत त्याची एकच कांडी पोहोचते आणि तीही एका सागाच्या झाडापाशी. कॅन त्या सागाला बांधलेला आहे आणि त्यात दोन फोन उभे आहेत.