पाणी गळतं, फेकतं की खातं? पद्मिनी गरम होते तेव्हाचं निदान

मंडळी, आजचं बोलणं एकाच गाडीबद्दल आहे: प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० म्हणून निघालेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्यात त्या घराघरांत, हौसेने आणि मायेने सांभाळलेल्या. त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. गाडी गरम होते.

आधी इंजिन डोळ्यांसमोर आणा. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, आणि त्यावर झाकणासारखं अल्युमिनियमचं हेड. तापल्यावर अल्युमिनियम बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोघांच्या मध्ये सांधा बंद ठेवणारं एक पातळ गॅस्केट ही ओढाताण सोसत बसलेलं असतं. एकदा जरी गाडी भरपूर तापली, तरी हेड वाकू शकतं. म्हणून 'थोडी गरम होते, पण चालते' हे वाक्य मला ऐकवत नाही.

गॅरेजात या दुखण्याला तीन शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. गाडी पाणी गळते, पाणी फेकते किंवा पाणी खाते. गळते म्हणजे कुठूनतरी बाहेर थेंब पडतोय. फेकते म्हणजे रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीतून बाहेर टाकतेय. खाते म्हणजे जमीन कोरडी, नळी कोरडी, तरी पातळी उतरतेय. पाणी इंजिनाच्या आतच जातंय. निदानाची सुरुवात इथून करा. गाडी तापली म्हणून पाणी गेलं, की पाणी गेलं म्हणून तापली? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व) काढ, पंप बदल, शेवटी हेड उतरव, या क्रमाने पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

उत्तर मिळवायला एक वही पुरते. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरची टोपी उघडून पातळी बघा. मापाच्या भांड्याने किती मिली घातलं, आदल्या दिवशी किती किलोमीटर चालली आणि कुठे चालली, एवढं लिहा. आठ दिवसांत चित्र दिसायला लागतं. गाडी उभी असतानाही पातळी उतरत असेल तर गळती. घाट चढल्यावरच उतरत असेल तर फेकतेय. गाडीखाली रात्री एक जुना पुठ्ठा पसरून ठेवा. डाग कुठे पडला यावरून अर्धं काम होतं.

आता पातळीचाच एक घोळ सांगतो, कारण बऱ्याच धडधाकट गाड्या याच्यापायी 'आजारी' ठरतात. जुन्या रचनेत रेडिएटरला वेगळी टाकी नसते. तापलं की वाढलेलं पाणी नळीतून थेट रस्त्यावर जातं आणि परत येत नाही. ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की पाणी सुमारे तीन टक्के फुगतं. पाच लिटरमागे दीडशे मिली, म्हणजे मोठा कपभर. तुम्ही रेडिएटर गळ्यापर्यंत भरला तर हा कपभर बाहेर जाणारच. दुसऱ्या सकाळी पातळी खाली दिसते, तुम्ही पुन्हा गळ्यापर्यंत भरता, आणि 'रोज पाणी लागतं' असं म्हणता. नळ्यांची तोंडं बुडतील आणि वर दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील एवढंच भरा. चार दिवस पातळी तिथेच राहिली तर गाडीला काहीही झालेलं नाही.

त्यानंतर टोपी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ती पाण्यावर दाब धरून ठेवते, आणि दाबाखालचं पाणी उशिरा उकळतं. ०.५ छाप असलेली टोपी साधारण ७ पीएसआय (दाबाचं माप) धरते, म्हणजे समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी जवळपास १११ अंशांना उकळेल. रबर कडक होऊन टोपी दाब धरेनाशी झाली की हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. खाली वाईत ठीक असलेली गाडी पसरणीचा घाट चढून वर पाणी फेकते, त्यात टोपीचा वाटा मोठा असतो. पण याच्या उलट चूकही करू नका. नव्या गाडीची ०.९ ची टोपी बसते म्हणून बसवली, तर पितळी रेडिएटरच्या जुन्या डागांवर (झाळलेल्या सांध्यांवर) जवळजवळ दुप्पट दाब येतो आणि ते सांधे उलतात. टोपीच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व असतो, तो गाडी थंड होताना हवा आत घेतो. तो अडकला की सकाळी वरचा होज पाईप चपटा झालेला दिसतो. हे बघायला काहीच खर्च नाही.

गळती शोधायला प्रेशर टेस्टर हवा. टोपीच्या जागी बसणारा हातपंप, त्यावर काटा. इंजिन थंड असताना टोपीवर छापलेल्या दाबापर्यंतच पंप करा आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि कुठेतरी ओल दिसली तर ती गळती. कुठे बघायचं? होज पाईपच्या क्लिपखाली, रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीच्या सांध्यांवर, ड्रेन कॉकवर, आणि ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या गोल पत्र्याच्या बुचांवर. ही बुचं आतून गंजतात. बाहेरून नुसता तांबूस ओघळ दिसतो. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे पांढरट किंवा तांबडा ओघळ असेल तर पंप उतरवायचा. भोक एम-सीलने बुजवणारे असतात, त्यांच्या पंपाचं बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं. इंजिन बंद असताना पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवून बघा. खुळखुळ जाणवली तरी तेच. गाडी सीएनजीवर असेल तर रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला इंजिनाच्याच पाण्याच्या दोन नळ्या फिरवलेल्या असतात. तिथले सांधे आधी तपासा, गळतीसाठीही आणि आत अडकलेल्या हवेसाठीही.

काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी आत जातंय. दाब तसाच ठेवून चारही प्लग काढा, तासाभराने प्लगांच्या भोकांवरून फडका धरून, तोंड लांब ठेवून स्टार्टर मारा. ज्या सिलिंडरमधून पाण्याचा फवारा उडाला तो गुन्हेगार. मारण्याआधी इग्निशन कॉइलची वायर काढायला विसरू नका.

गळती नाही, पण गाडी तापते आणि मग फेकते, अशांसाठी एक प्रश्न: कधी तापते? सिग्नलला, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर हवा कमी पडतेय. पंख्याचा पट्टा ढिला असेल. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोर दिला की दहा ते पंधरा मिलिमीटर दबायला हवा, जास्त नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे आणि तेलकट धूळ साचलेली असेल. ती इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या आडव्या होतात. नंतर बसवलेला एसी असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात हवा अडवून उभा असतो, हेही ध्यानात घ्या.

गावात ठीक आणि हायवेला किंवा घाटात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. इथे खालचा होज पाईप बघा. पंप त्यातून पाणी ओढून घेतो, त्यामुळे तो ओढीच्या बाजूला असतो. इंजिन तापू द्या, बॉनेट उघडा, दुसऱ्याला हळूहळू रेस द्यायला सांगा आणि तुमचे डोळे त्या पाईपवर ठेवा. उभं असताना तो गोल, गुबगुबीत दिसतो. रेस वाढली की मधल्या वाकणापाशी त्याची एक बाजू आत बसायला लागते, मग दोन्ही भिंती चिकटतात, आणि रेस सोडली की 'फट' करून पुन्हा गोल होतो. आतली स्प्रिंग गंजून गेलेली आहे आणि रबर मऊ पडलंय. गॅरेजात आरामात उभी असताना ही गाडी कधीच तापत नाही, म्हणून मेकॅनिकला दोष सापडत नाही.

तो ठीक असेल तर रेडिएटर. गाडी तापवून बंद करा आणि जाळीवरून तळहात फिरवा. वरून खाली ऊब हळूहळू कमी व्हायला हवी. मध्येच एखादा थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या बुजल्यात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर माप घ्या, चकचकीत पितळ खोटं, कमी तापमान दाखवतं. बुजतात त्याचं कारण बहुधा आपणच घातलेलं बोअरवेलचं क्षाराचं पाणी. आणि दुसरं कारण हळद. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि रात्रीच्या वेळी घाटात अडकलेल्याला घरी पोचवायला ती कामाला येतेही. पण ती फक्त भोकापाशी थांबत नाही, बारीक नळ्यांमध्येही बसते. टाकली असेल तर घरी पोचल्यावर सगळं पाणी काढून धुवायचं.

धुताना रेडिएटरचा कॉक आणि ब्लॉकचा कॉक, दोन्ही उघडा. ब्लॉकच्या कॉकमधून काही आलं नाही तर तो गाळाने बुजलाय. तारेने मोकळा करा. पंपापासून सगळ्यात लांब असलेल्या चौथ्या सिलिंडरभोवती तांबडा गाळ बसतो आणि तिथे इंजिन आतल्या आत भाजतं. क्षारासाठी सायट्रिक ॲसिड, ज्याला किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणतात, लिटरमागे ५० ग्रॅम. अर्धा तास इंजिन चालवून काढून टाका आणि स्वच्छ पाण्याने तीन-चारदा धुवा. रात्रभर ठेवू नका. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, तो अल्युमिनियमचं हेड खातो. एवढ्याने उतरलं नाही तर रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून त्या मोकळ्या करणं) करून घ्यायचं. हे काम करणारे जुने कारागीर कमी होत चाललेत, पण आपलं तांब्या-पितळेचं रेडिएटर त्यांच्या हातून पुन्हा उभं राहतं. ते फेकून देऊ नका.

पाणी नीट फिरतंय तरी तापते? मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) पॉइंटची टाच झिजली की पॉइंटमधली फट कमी होते आणि ठिणगी मागे जाते. उशिरा पेटलेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्वमधून बाहेर पडतानाही जळत असतो आणि ती उष्णता थेट हेडला मिळते. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि तापते, अशी तिहेरी तक्रार असेल तर पाण्याकडे बघण्याआधी पॉइंट बघा. कार्ब्युरेटरचं मिश्रण फार बारीक (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल किंवा ब्रेक घासत असतील तरी असंच होतं.

थर्मोस्टॅटबद्दल माझं मत ठाम आहे: काढून फेकू नका. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर, दोन्ही तळाला टेकू न देता. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला तर चांगला आहे. नाही तर नवीन घाला. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच राहतं, तेलात पाणी आणि चिखल साठतो, सिलिंडर लवकर झिजतात. सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा वर आणि रेडिएटर मात्र गार, अशी खूण असेल तेव्हाच त्याच्यावर संशय घ्या, किंवा आत अडकलेल्या हवेवर.

शेवटी हेड गॅस्केट. यात घाईने निकाल दिला जातो. तेलाच्या टोपीखाली पिवळट साय दिसली की 'गॅस्केट गेलं' म्हणतात; पण पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती साय धरते. डिपस्टिक बघा. रात्रभर उभ्या गाडीचा तेल काढायचा खालचा बोल्ट सकाळी अगदी थोडा सैल करा. तेलाआधी पाण्याचे थेंब आले तर पाणी खरंच तेलात आहे. दुसरी खात्रीची परीक्षा: थंड इंजिन, पट्टा काढलेला, थर्मोस्टॅट बाहेर, रेडिएटर काठोकाठ. इंजिन सुरू करून फार तर अर्धा मिनिट चालवा. पंप बंद आहे, पाणी स्तब्ध हवं. सलग बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा; शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर गॅस्केट त्यांच्या मधोमध जळलंय.

हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू नका. सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांना ठेवून खाली ०.०५ मिलिमीटरचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. शिरलं तर हेड फेस करायला (घासून सपाट करायला) द्या, आणि लागेल तेवढंच घासायला सांगा. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने तपासा. नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळा. गाडी एकदा पूर्ण तापवून, रात्रभर थंड करून पुन्हा तपासा. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि एक तृतीयांश ग्लायकॉलचं कूलंट घ्या. आपल्याकडे बर्फाची नाही, गंजाची काळजी आहे. जुन्या डागांच्या रेडिएटरला चालतं असं डब्यावर लिहिलेलं हवं. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. टोपी उघडी ठेवून इंजिन चालवा, वरचा होज दाबत राहा, बुडबुडे थांबले आणि तो होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. आता पातळी दोन सेंटिमीटर खाली आणून टोपी लावा, आणि उद्या सकाळची पहिली नोंद वहीत करा.