एकच तणनाशक, फुप्फुसातही आणि मेंदूतही?

राम राम मंडळी! धुऱ्यावरचं तण दोन दिवसांत जाळणारं औषध आपल्याकडं कृषी केंद्रात सर्रास मिळतं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: पॅराक्वाट डायक्लोराइड, २४ टक्के. आज त्याच्याबद्दल बोलू. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीतून माणसं दगावली, तिथं मुख्यतः कीटकनाशकं होती. हे प्रकरण वेगळं आहे. फुप्फुसावर काम करणारे आणि मेंदूवर काम करणारे, दोन्हीकडचे संशोधक याच रसायनाच्या मागं लागलेत. काऊन?

पहिले फुप्फुस. लोकांना वाटते, वास नाकात गेला म्हणून फुप्फुस खराब झालं. पण पंपाचे थेंब मोठे असतात, बहुतेक नाकाघशातच अडकतात. खरा धोका ते पोटात गेलं, किंवा गळक्या पंपातून पाठीवरच्या जखमेत तासन्‌तास झिरपलं तर. रक्तात आलं की फुप्फुसाच्या पेशी ते स्वतःच ओढून घेतात. त्यांना पॉलिअमाइन नावाची द्रव्यं लागतात. पॅराक्वाटची ठेवण त्यांच्याशी जुळते, म्हणून तेही त्याच वाटेनं आत शिरतं आणि रक्तापेक्षा कितीतरी जास्त फुप्फुसात साठतं. तिथं ऑक्सिजनशी त्याची क्रिया पुन्हा पुन्हा होते. दरवेळी पेशी जाळणारे कण तयार होतात, पॅराक्वाट मात्र खर्ची पडत नाही. पेशी मरतात, दाह भडकतो, आणि नंतर फुप्फुस घट्ट होत जातं.

म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर लगेच ऑक्सिजन लावत नाहीत. नातेवाईक चिडतात, “धाप लागली, अन् नळी लावत नाही?” पण गरजेआधी दिलेला ऑक्सिजन त्या क्रियेलाच खाद्य पुरवतो.

आता उपचार. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी केले. मग पॅराक्वाटवरही तेच चालेल ना? श्रीलंकेत दाह दाबणारी औषधं मोठ्या चाचणीत देऊन पाहिली, जीव वाचण्यात फरक पडला नाही. मला तरी हे चूल पेटती ठेवून धूर हाकलण्यासारखं वाटते. पॅराक्वाटवर उतारा आजही नाही.

आता मेंदू. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं ड्रग घेतलेली काही तरुण माणसं अचानक ताठरली, हलेनात, पार्किन्सन्स म्हणजे कंपवाताच्या म्हाताऱ्यांसारखी. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा एमपीटीपी हे रसायन सापडलं. शरीरात त्याचं जे रूप बनते, ते रचनेनं पॅराक्वाटच्या जवळचं! तिथून शंका सुरू झाली. २०११ च्या अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. संबंध दिसला, पण तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

मेंदूतही दाह घडवणाऱ्या पेशी आहेत, मायक्रोग्लिया. त्यांना शांत करायची औषधं शोधणं चालू आहे, पण अडचण अशी, की आजार उशिरा कळतो: हात थरथरायला लागेपर्यंत डोपामिन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींचा मोठा वाटा गेलेला असतो. मधुमेहाचं औषध एक्सेनाटाइड मेंदूतला दाह कमी करेल, अशी आशा होती; २०२५ मध्ये मोठ्या चाचणीत ते पार्किन्सन्स रोखू शकलं नाही. २०२३ मध्ये मात्र पाठीच्या कण्यातलं पाणी काढून अल्फा-सायन्युक्लिन (पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत साठणारं प्रथिन) ओळखणाऱ्या चाचणीचे चांगले निकाल आले. आजार आधीच कळला, तर औषध वेळेत देऊन पाहता येईल.

हात थरथरतो म्हणून लगेच घाबरू नका, काका. थरथरीची कारणं अनेक आहेत, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पार्किन्सन्स निघाला तरी लेव्होडोपाच्या गोळीनं हालचाल बरीच सुधारते.

आणि उरलेलं तणनाशक पाण्याच्या बाटलीत ओतून वावरातल्या खोपडीत ठेवू नका. मूळ डब्यातच, कुलपात. चुकून तोंडात गेलं, थुंकलं तरी, डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.