चीत पडलेलं बाळ आणि फरशीचं फडकं

(कोल्हापुरात गर्भवती आणि त्यांच्या घरच्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पाठीला पाठ असलेलं बाळ कळांमध्ये कसं फिरतं?’ तिथं पोचूच. आधी दोन घोटाळे मिटवूया. पाठचं बाळ म्हणजे धाकटं भावंड, त्याच्याबद्दल हे व्याख्यान नाही. त्याची चौकशी करणाऱ्या सासूबाई नंतर भेटा. आणि पायाळूचाही विषय नाही. पायाळूचं बूड किंवा पाय खाली असतात, त्याला ३६-३७ व्या आठवड्यात डॉक्टर पोटावरून फिरवून बघतात, तेही दवाखान्यात, ठोके तपासत.

आपल्या बाळाचं डोकं खालीच आहे. पण त्याची पाठ आईच्या मणक्याकडं आणि तोंड पोटाकडं. आई उताणी झोपली की आत बाळही उताणं. ज्या गावात खासबागचं कुस्तीचं मैदान आहे तिथं याला एक शब्द पुरे: बाळ चीत आहे. मैदानात दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. इथं अजून सलामीसुद्धा झालेली नाही.

रिपोर्टवर यालाच ‘ऑक्सिपिटो पोस्टिरिअर’ असं लिहून येतं आणि ३२ व्या आठवड्यातच घरात सुतक पडतं. अहो, त्या वयाचं बाळ सकाळी एका कुशीला तर संध्याकाळी दुसऱ्या. कळा सुरू होताना शंभरातली पंधरा ते तीस बाळं अशी चीत असतात, जन्मताना उरतात पाच ते आठ. बाकीची मधल्या मधे फिरतात. घरी अंदाज घ्यायचा तर नाभीपाशी खळगा दिसतो, लाथा समोरच कळतात, ठोके कुशीकडं ऐकू येतात. खात्री मात्र सोनोग्राफीच करते. वार पुढच्या बाजूला असेल तर बाळ असं असण्याची शक्यता जास्त, त्यात आईचा काही दोष नाही.

आता फडक्याकडं येते. ‘नववा लागला की ओणवं होऊन फरशी पुसायची, बाळ सरळ होतं.’ हात वर करा, कुणाकुणाला सांगितलंय? ...बघा. आणि सांगणाऱ्या बाईंनी स्वतःच्या घरी दांड्याचं मॉप घेतलंय! यामागं तर्क आहे, उगाच थट्टा नको. बाळाची पाठ आणि डोक्याची मागची बाजू हा जड भाग. आई रांगत्या स्थितीत आली की पोट झोळीसारखं लोंबतं आणि जड भाग खाली, म्हणजे आईच्या पोटाकडं घसरेल, असा हिशोब. न्यूझीलंडच्या जीन सटन या सुईणबाईंनी १९९० च्या दशकात हाच विचार जगभर नेला. सोफ्यात रेलून बसू नका, पुढं झुका, गुडघे कमरेपेक्षा खाली ठेवा.

हिशोब छान होता, म्हणून कुणीतरी तो तपासला. ऑस्ट्रेलियात २५४७ गर्भवतींचे दोन गट केले. एका गटानं ३७ व्या आठवड्यापासून कळा येईपर्यंत रोज दोनदा दहा-दहा मिनिटं हात-गुडघ्यांवर येऊन कंबर हळू झुलवली. दुसऱ्या गटानं रोज चालायचं, बस्स. २००४ साली निकाल छापून आला. जन्मताना चीत असलेली बाळं रांगणाऱ्यांच्यात ८.१ टक्के, चालणाऱ्यांच्यात ७.८. म्हणजे फडकं निर्दोष सुटलं, आणि निरुपयोगीही ठरलं! तेव्हा सुनेच्या हातात फडकं देताना बाळाचं नाव पुढं करू नका. फरशी पुसायची असेल तर पुसावी, पण ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि भरलेली बादली उचलायची नाही.

मग ओणवं व्हायचंच नाही का? व्हा की. पाठीचा ताण हलका होतो, बरं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे. मनगटं दुखत असतील तर मुठींवर किंवा कोपरांवर, गुडघ्याखाली वाकळ. पोट खाली झोळीसारखं सोडून कंबर नुसती गोल फिरवायची. चक्कर आली की कुशीवर. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बसायचा चेंडू घेताना दुकानदार सरसकट ६५ सेंटीमीटरचा देतो. सव्वापाच फुटांच्या आतल्या बाईला ५५ चा लागतो. बसल्यावर पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा जरा खाली. मागं भिंत असू द्या. आपल्याकडचा रेक्झिनचा सोफा बाईला आत गिळतो आणि गुडघे छातीशी येतात. खुर्चीवर उलटं बसून पाठीवर हात टेकले तर तेही काम होतं, फुकट.

एका गोष्टीवर मात्र माझी थट्टा संपते. बाळ फिरवायला पोट चोळून घ्यायचं नाही. कोण कितीही हातगुणाचं असो. दाबल्यानं वार सुटू शकते आणि मग वेळ मिनिटांत मोजावा लागतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणे. आणि छापलेला विषय तर आता सुरू होतोय! भरभर सांगते.

बाळ फिरतं ते कळांमध्ये, आणि फिरवते त्याची हनुवटी. पैलवान खाली सापडला तरी हनुवटी छातीला लावून मान वाचवतो, तसं. हनुवटी आत असली की डोक्याचा व्यास साडेनऊ सेंटीमीटर पडतो, मान ताठ राहिली की साडेअकरा. घड्याळ धरा: बारावर पुढचं जघनहाड, सहावर माकडहाड. बाळाच्या डोक्याची मागची बाजू साडेसातवर. डोकं कटीच्या तळाच्या स्नायूंवर आपटतं, उताराला लागतं आणि साडेसातवरून नऊच्या बाजूनं बारावर येतं, १३५ अंश. कधी उलटं ४५ अंश फिरून सहावर जातं आणि बाळ आभाळाकडं बघत जन्मतं. दोन्ही होतं.

म्हणून कळांमध्ये उताणं पडायचं नाही, मोठ्या रक्तवाहिन्याही दबतात. उभं राहून पलंगावर झुका, ओणवं व्हा, कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमध्ये उशी. एक पाय खुर्चीवर ठेवून त्या बाजूला डुला, पाच-सहा कळा इकडं, पाच-सहा तिकडं. कळांमध्ये ओणवं झाल्यानं बाळ हमखास फिरतं असं सिद्ध नाही, पण पाठदुखी नक्की कमी होते. नवऱ्यानं तळहाताची टाच माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणावर कळ असेपर्यंत दाबून धरायची. चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. ‘जास्त जोर लाव’ असं ती म्हणेलच.

अशा बाळाला कळा लांबतात आणि जोर लावावासा लवकर वाटतो, कारण डोकं मागं गुदाशयावर बसलेलं असतं. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटीमीटर उघडल्याशिवाय जोर लावला तर त्याची पुढची कड डोक्याखाली सापडून सुजते आणि वाट अडते. तेव्हा कुशीवर वळा आणि दिवा विझवल्यासारख्या बारीक फुंका मारा. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ अडलं तर डॉक्टर हातानं डोकं फिरवून बघतात, नाहीतर व्हॅक्यूम किंवा सिझेरियन.

पाणी हिरवट गेलं, नाळ बाहेर आली किंवा हालचाल कमी झाली तर माझी घड्याळं विसरा, थेट दवाखाना. आणि लघवी दर दोन तासांनी, लागली नसली तरी. भरलेलं मूत्राशय डोक्याला वाट देत नाही. बत्ती गुल व्हायच्या आत चेंडूवर कोण बसून बघणार ते पुढं या, ५५ चा इथं आहे.