१९७७ च्या सात रेकॉर्ड्स: बाजू पलटावीशी वाटते का?

नमस्कार मंडळी! नागपुरातून आज बोलायचंय १९७७ या एका सालाबद्दल. त्या वर्षीच्या आमच्या लाडक्या सात रेकॉर्ड्स, सातव्या नंबरपासून पहिल्यापर्यंत.

आधी कसोटी सांगतो, म्हणजे भांडायचं असेल तर नेमक्या मुद्द्यावर भांडता येईल. नुसती गाणी चांगली असून इथे भागणार नाही. एलपीला, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डला, दोन बाजू असतात आणि एका बाजूत साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात. त्या मर्यादेचा ज्यांनी उपयोग करून घेतला, ते आमच्याकडे वर चढतात.

[स्क्रीनवर: रेकॉर्डचा क्लोजअप, बाहेरची कड आणि लेबलजवळची कड]

हे बघा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीलाही तेवढेच आणि शेवटीही तेवढेच. पण बाहेरचं वर्तुळ मोठं आणि आतलं लहान. त्यामुळे कडेला असताना सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ पोचेपर्यंत जेमतेम २०. तोच आवाज अडीच पट कमी जागेत कोंबला जातो. झांज, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार, चमकदार सिंथ (सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य), यांची धार आतल्या खाचांत बोथट होते किंवा फाटते. म्हणून जाणता निर्माता बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवतो. दुसरं असं की बाजू जितकी लांब, तितक्या खाचा दाटीवाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते.

तुमच्याकडे टर्नटेबल नसेल तरी हरकत नाही. मोबाइलवर दोन प्लेलिस्ट करा, एक पहिल्या बाजूची, एक दुसरीची. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद. पहिली संपली की एक मिनिट काहीही वाजवायचं नाही. पहिली बाजू कुठे संपते ते जमेल तिथे सांगत जातो.

सातवा नंबर: डोना समरची ‘आय रिमेंबर यस्टर्डे’. निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट. यात वेगवेगळ्या दशकांचा बाज घेत गाणी पुढे सरकतात आणि शेवटी येतं भविष्यकाळाचं गाणं, ‘आय फील लव्ह’. जवळजवळ सगळं मूग सिंथेसायझरवर. मूग तापला की सुरातून उतरायचा, म्हणून एका वेळी वीस-तीस सेकंदच रेकॉर्ड करायचे, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा पुढचा तुकडा. पायाच्या ड्रमचा मनासारखा ठोका मात्र मूगमधून निघेना, तो कीथ फोर्सी या ड्रमरने वाजवला. आता हेडफोन लावा. बेसचा मूळ ठोका एका कानात आहे आणि त्याचाच किंचित उशिरा येणारा पडसाद दुसऱ्या कानात. दोन्ही मिळून दुप्पट वेगाची लय तयार होते. एका कानातला हेडफोन काढा, लय अर्धी होते! लग्नाच्या हॉलमध्ये एकाच बाजूच्या स्पीकरजवळ उभं राहिलं की हे गाणं लंगडं वाटतं, त्याचं कारण हेच.

मग इतकी मोठी गोष्ट सातव्या नंबरवर का? कारण हे झगमगतं गाणं दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी ठेवलंय, जिथे चमक सगळ्यात आधी मरते. हे गाणं तेवढं बारा इंची सिंगलवर, म्हणजे एखाद-दुसऱ्या गाण्याच्याच रेकॉर्डवर ऐका, तिथे त्याला मोकळी जागा मिळते.

सहावा नंबर: पिंक फ्लॉइडची ‘ॲनिमल्स’. पहिल्या बाजूत दीड मिनिटाचं ‘पिग्ज ऑन द विंग’ आणि मग सतरा मिनिटांचं ‘डॉग्ज’, बस. ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’ ही दोन्ही गाणी ते वेगळ्या नावांनी १९७४ पासूनच मंचावर वाजवत होते. दुसरी बाजू मात्र तेवीस मिनिटांच्या घरात जाते. ‘पिग्ज ऑन द विंग’चे दोन तुकडे रेकॉर्डच्या दोन टोकांना आहेत. त्या काळी एट-ट्रॅक नावाची कॅसेट असायची, तिची टेप न संपता गोल फिरत राहायची. तिथे हे दोन तुकडे एकमेकांना भिडत होते, म्हणून मधे जोडायला स्नोई व्हाइटकडून खास गिटारचा तुकडा वाजवून घेतला. एलपीवर तो नाही. माध्यम बदललं की रचना बदलते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा सापडणार नाही.

पाचवा, बॉब मार्लीची ‘एक्सोडस’. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनच्या घरात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो लंडनला गेला आणि ही रेकॉर्ड तिथे झाली. पहिली बाजू संपते ‘एक्सोडस’ या गाण्यावर, आणि ती बाजू सगळी जड, इशाऱ्याची. पलटली की ‘जॅमिंग’पासून ‘वन लव्ह’पर्यंत ऊन पडल्यासारखं. एक सूचना: पहिलं गाणं ‘नॅचरल मिस्टिक’ फार हळू वर येतं. सुरुवातीला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, अर्ध्या मिनिटाने बेस अंगावर येईल.

चौथा नंबर, डेव्हिड बोवीची ‘हीरोज’. इथे जरा वेळ काढू.

ही बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड झाली. खोली प्रचंड मोठी. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने शीर्षकगीतासाठी तीन माइक लावले: पहिला तोंडापासून ९ इंचांवर, दुसरा सुमारे २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर. लांबच्या दोन माइकना गेट लावले. गेट म्हणजे असं यंत्र की आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच दार उघडतं, एरवी बंद. त्यामुळे बोवी सुरुवातीला हळू गातो तेव्हा आवाज कोरडा, कानाशी कुजबुजल्यासारखा येतो. जोर वाढला की दुसरा माइक उघडतो. शेवटी तो ओरडायला लागला की तिसरा उघडतो आणि अख्खी खोली गाण्यात शिरते. ही घुमारी नंतर वरून चढवलेली नाही, गायकाने ती स्वतःच्या दमावर उघडलीय. घरी कुणी असं करून बघणार असेल तर चूक कुठे होते तेही सांगतो. गेटची पातळी फार खाली ठेवली तर श्वासालाही दार उघडतं आणि सगळंच घुमतं. फार वर ठेवली तर दार ओळीच्या मधोमध उघडतं आणि खटका ऐकू येतो. आधी सगळ्यात मोठी ओळ गाऊन घ्या, मग सगळ्यात हळू ओळ, आणि पातळी त्या दोन्हींच्या मधे बसवा.

गिटार रॉबर्ट फ्रिपची. ॲम्प्लिफायरपासून किती अंतरावर उभं राहिलं की कुठला सूर फीडबॅकमध्ये (ॲम्प्लिफायरचा आवाज गिटारच्या तारांना परत हलवतो तेव्हा) घुमतो, त्याच्या खुणा जमिनीवर पट्ट्या चिकटवून केल्या होत्या. तो पट्टीवरून पट्टीवर सरकत वाजवायचा. असे तीन ट्रॅक एकत्र वाजतात, म्हणून त्या गिटारला कुठे जोड दिसत नाही. गाणं अल्बमवरचंच ऐका, सहा मिनिटांचं. सिंगलसाठी सुरुवातीची कडवी कापली आहेत, आणि ती कापली की गेट उघडण्याची सगळी चढण गेली. पहिली बाजू ‘ब्लॅकआउट’वर संपते. दुसऱ्या बाजूचा मोठा भाग विनाशब्द आहे आणि बऱ्याच जणांना तिथे कंटाळा येतो. म्हणून चौथा. बोवीचीच त्या वर्षीची ‘लो’ आणि क्राफ्टवर्कची ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ अगदी थोडक्यात बाहेर राहिल्या, याची रुखरुख आहे.

आता वरच्या तीनकडे जाण्याआधी रेकॉर्ड्स जपण्याबद्दल नागपूरपुरतं बोलू. बाहेरच्या व्हिडिओंतले सल्ले आपल्या हवेला लागू पडत नाहीत.

विनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पंचेचाळीस असतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. सीताबर्डीला रेकॉर्ड घेतली आणि गाडीत ठेवून जेवायला गेलात, की परत येईपर्यंत ती थाळीसारखी वाकलेली असू शकते. पिशवी सोबत न्या. घरात पश्चिमेच्या भिंतीला किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका. रेकॉर्ड्स उभ्याच ठेवायच्या, सरळ, टेकलेल्या नाहीत. एकावर एक रचल्या की खालच्यांवर वजन येतं.

दुसरा शत्रू कूलर. त्याची दमट हवा थेट रेकॉर्डच्या कपाटावर आली की कव्हरचा पुठ्ठा ओल धरतो आणि खाचांत पांढुरकी बुरशी बसते. ती कोरड्या ब्रशने निघत नाही. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीनच थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार खाचांत वाळतात आणि मग सततची चरचर लागते. आणि घरातल्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

[स्क्रीनवर: ‘जैत रे जैत’]

तिसरा नंबर. सिनेमाची ही एकच रेकॉर्ड यादीत आहे. ‘हम किसीसे कम नहीं’ आणि ‘घरौंदा’ दोन्ही १९७७ च्या, दोन्ही जिवाभावाच्या. पण त्यातलं प्रत्येक गाणं आपापल्या प्रसंगासाठी बांधलेलं आहे, एकामागून एक ऐकताना त्यांची कथा होत नाही. ‘जैत रे जैत’चं तसं नाही. गो. नी. दांडेकरांची कथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. इथे गाणी कथेला थांबवत नाहीत, तीच कथा पुढे नेतात. ठाकरवाडीचा नाग्या, त्याचा ढोल, लिंगोबाचा डोंगर आणि राणीमाशीशी धरलेला दावा, हे सगळं गाण्यांतून कळत जातं.

ऐकताना लक्ष द्या ते चालीच्या वजनाकडे. ‘नभ उतरू आलं’मध्ये आशाबाई ओळ जिथे सोडतात, ती जागा बोलण्याच्या श्वासाची आहे. शब्द ओढून मात्रांत बसवलेले नाहीत, मात्रा शब्दांपाशी येऊन थांबतात. ‘मी रात टाकली’त लताबाईंच्या आवाजाला समूहाचा आवाज भिडतो तेव्हा तो मागे सजावटीला उभा नसतो, अख्खी वाडी बोलते. लहान स्पीकरवर ढोलाचा खालचा घुमारा गायब होतो आणि नुसती टिपरी ऐकू येते, म्हणून ही रेकॉर्ड मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच नका. हेडफोन तरी लावा.

दुसरा नंबर: फ्लीटवुड मॅकची ‘रूमर्स’. बाजूंची मांडणी शिकायची असेल तर हिच्यावर शिका. पहिली बाजू ‘गो युअर ओन वे’च्या दणक्यानंतर ‘साँगबर्ड’वर संपते: एक पियानो, एक आवाज, मागे हलकी गिटार. बर्कलेच्या एका रिकाम्या प्रेक्षागृहात बँडमधल्या क्रिस्टिन मॅकव्हीने ते गायलं. आतल्या खाचांना झेपेल असं याहून योग्य गाणं कोणतं? आणि पलटल्यावर बाहेरच्या, ऐसपैस खाचेत ‘द चेन’. ते गाणं टेपचे वेगवेगळे तुकडे ब्लेडने कापून जोडलेलं आहे. बँडमधल्या पाचही जणांच्या नावावर असलेलं ते एकमेव गाणं.

बँडमधल्याच स्टीव्ही निक्सचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ मात्र बाजूत मावेना, म्हणून बाहेर गेलं आणि तिचंच एक छोटं गाणं आत आलं. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ ‘गो युअर ओन वे’ सिंगलच्या मागच्या बाजूला निघालं. काही नव्या आवृत्त्यांत ते आत घातलंय. ऐका जरूर, पण क्रम बिघडतो. महिनोन् महिने तीच टेप मशीनवरून फिरवून तिच्यावरचा लेप झिजला होता आणि ड्रमची धार गेली होती. शेवटी ड्रमची जपून ठेवलेली दुसरी टेप वेग हाताने कमी-जास्त करत, कानाने जुळवत तिच्याशी जोडली. आज ऐकताना कुठे सांधा सापडतो का बघा.

पहिला नंबर: स्टीली डॅनची ‘एजा’. सात गाणी. पहिली बाजू पावणेएकवीस मिनिटांच्या आसपास, दुसरी एकोणीस. पहिल्या बाजूत तीनच गाणी, ‘डीकन ब्लूज’वर संपणारी, आणि घाई कुठेच नाही. दुसरी बाजू उघडते ‘पेग’ने, सगळ्यात चमकदार गाणं, सगळ्यात मोकळ्या खाचेत. स्टीली डॅनचे वॉल्टर बेकर आणि डोनाल्ड फेगन यांनी ‘पेग’च्या गिटार सोलोसाठी एकामागून एक वादक आणून नाकारले, शेवटी जे ग्रेडनचा ठेवला. त्या सोलोत तो तार ओढून सूर असा वाकवतो की मींडच आठवते.

शीर्षकगीतात उत्तरार्धाला वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आणि खाली स्टीव्ह गॅडचे ड्रम. सॅक्सकडे नंतर लक्ष द्या, आधी फक्त ड्रम ऐका. गॅड साथ करता करता सॅक्सच्या वाक्यांना उत्तरं देतो. ‘होम ॲट लास्ट’मध्ये बर्नार्ड पर्डीचा ठेका आहे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा: पहिल्या आणि तिसऱ्यावर हाय-हॅट (झांजांची जोडी), मधल्यावर स्नेअरचा (खणखणीत छोट्या ड्रमचा) जेमतेम लागणारा हलका आघात. तबल्यात मुख्य बोलांमधला भरणा असतो तसा. तो मधला आघात जोरात पडला की ठेका घोड्याच्या टापांसारखा होतो, अजिबात पडला नाही की कोरडा. पहिले दोन-तीन वेळा तो ऐकूच येणार नाही, आवाज कमी करून ऐका, मग सापडेल.

जुनी प्रत हाती आली तर लेबलजवळच्या खाचा तिरक्या उजेडात धरून बघा. त्या करड्या दिसल्या तर आधीच्या मालकाने झिजलेल्या सुईने वाजवलीय, ‘डीकन ब्लूज’चा सॅक्स फाटेल. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) कागदावर लिहिलेला असेल तोच ठेवा, बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम लागतो. कमी दाब रेकॉर्डला बरा, हा गैरसमज आहे. कमी दाबाने सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त ओरखडते. आणि शेवटचं ‘जोसी’ संपलं की उठा. साध्या टर्नटेबलवर सुईचा हात आपोआप उचलला जात नाही, सुई शेवटच्या बंद खाचेत फिरतच राहते.