टाका उसवल्यानंतरची रात्र

मंडळी, कॅन्सरचं निदान झालं की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, यातला सगळ्यात चांगला सर्जन कोण?" कुणाचा मेहुणा मुंबईत असतो, कुणाची भाची मेडिकलला असते. फोन फिरतात, एक नाव पुढे येतं आणि त्या नावापायी शेत गहाण पडतं. प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. निदान अन्ननलिकेच्या ऑपरेशनच्या बाबतीत तरी मी त्याला आणखी एक प्रश्न जोडेन: ऑपरेशननंतर पाचव्या रात्री अडीच वाजता पेशंटजवळ कोण असेल? आज मी त्या रात्रीबद्दल बोलणार आहे.

आधी ऑपरेशन समजून घेऊ. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, साधारण पंचवीस सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. छातीत हृदयाच्या मागे, मणक्याच्या पुढे, श्वासनलिकेला खेटून. कॅन्सरमुळे तिचा मोठा भाग काढावा लागला की त्या जागी दुसरी नळी आणायची कुठून? तर जठराचीच करायची. जठर मोकळं करायचं, कापून-शिवून लांबट करायचं, छातीत वर ओढून घ्यायचं आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडायचं. आयव्हर लुईस नावाच्या वेल्श सर्जनने १९४६ मध्ये मांडलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. आता दुर्बिणीतून होते, रोबोटने होते, पण काम तेच.

गोम आहे ती जोडात. वर ओढलेल्या जठराला रक्त मुख्यतः एकाच रोहिणीतून मिळतं आणि ती खालून येते. म्हणजे आपण जिथे टाके घातले, ते टोक रक्तापासून सगळ्यात लांब. नळयोजनेत शेवटच्या घराला पाणी येतं ना, तसला प्रकार. शिवाय आतड्याला बाहेरून जे चिवट आवरण असतं, ते अन्ननलिकेला नसतं, त्यामुळे टाका धरून राहायला आधार कमी. म्हणून चांगल्यात चांगल्या हाताने केलेला जोडही कधी कधी उसवतो. आम्ही त्याला 'लीक' म्हणतो.

लीक झाल्यावर छातीत काय होतं? १७२३ साली हॉलंडमधले एक अॅडमिरल, बॅरन व्हान वासेनार, पोटभर जेवल्यावर जड वाटतंय म्हणून ओकारीचं औषध घेऊन बसले. जोरात ओकारी आली आणि छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं. वेदना सुरू झाल्यापासून एक दिवसही उलटला नाही, ते गेले. लायडनच्या हर्मन बूरहाव्हे या वैद्याने शवविच्छेदन केलं तेव्हा छाती उघडल्या उघडल्या त्याला वास आला तो बदकाच्या मांसाचा. अॅडमिरलसाहेबांनी जेवणात बदक खाल्लं होतं, ते फाटलेल्या अन्ननलिकेतून थेट छातीत उतरलेलं. आमच्या पेशंटच्या पोटात बदक नसतं, ऑपरेशननंतर तोंडाने काही देतही नाही. पण लाळ थांबत नाही. माणूस दिवसाला लिटर-सव्वालिटर लाळ गिळतो, जंतूंनी भरलेली. जोड उसवला की ती फुप्फुसांच्या मधल्या जागेत झिरपायला लागते. तिथून पुढे पू, मग रक्तात जंतुसंसर्ग, मग ब्लडप्रेशर खाली, मग किडनी. हे सगळं काही तासांत होऊ शकतं किंवा तीन दिवस रेंगाळू शकतं. पेशंटला वाचवायला जागा मिळते ती याच काळात.

आता तुम्ही म्हणाल, चांगल्या हॉस्पिटलात लीक होतच नसेल. होतं. २०१९ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला. चौदा देशांतली चोवीस नावाजलेली केंद्रं, २,७०४ ऑपरेशनं. त्यात काही ना काही गुंतागुंत झालेले पेशंट ५९ टक्के. लीक ११.४ टक्के. जगातल्या निवडक केंद्रांतही दर नवव्या पेशंटचा जोड गळला! पण नव्वद दिवसांत दगावले किती? ४.५ टक्के. म्हणजे गुंतागुंत झालेल्यांतले बहुतेक सगळे वाचले. मला या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं.

हे अंतर मोजायची कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फेल्युअर टू रेस्क्यू' हा शब्दप्रयोग आणला. गुंतागुंत झालेल्या पेशंटांपैकी किती जणांना वाचवता आलं नाही, तो हा आकडा. त्यांनी पित्ताशय आणि प्रोस्टेटची साधी ऑपरेशनं तपासली होती. त्यांना दिसलं ते असं: गुंतागुंत होणार की नाही, हे बरंचसं पेशंटवर ठरतं, म्हणजे वय, आधीचे आजार. पण झाल्यावर तो वाचणार की नाही, यात हॉस्पिटलचा वाटा मोठा.

२००९ मध्ये मिशिगनच्या अमीर गफेरी, जॉन बर्कमायर आणि जस्टिन डिमिक यांनी हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. ८४,७३० पेशंट, वेगवेगळी मोठी ऑपरेशनं. मृत्युदरानुसार हॉस्पिटलांचे पाच गट केले. सगळ्यात चांगल्या गटात मृत्यू ३.५ टक्के, सगळ्यात वाईट गटात ६.९, म्हणजे जवळपास दुप्पट. मग वाईट गटात गुंतागुंतीही दुप्पट असतील? मुळीच नाही. एकूण गुंतागुंती वाईट गटात २४.६ टक्के आणि चांगल्या गटात उलट जरा जास्त, २६.९. फरक पडला तो पुढे. गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या गटात १२.५ टक्के दगावले, वाईट गटात २१.४. मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत अस्वस्थ झालो. आम्ही सर्जन मंडळी आयुष्यभर टाका कसा घालावा यावर भांडत आलो, एका पदरी का दुपदरी, हाताने का स्टेपलरने. आणि आकडे वॉर्डाकडे बोट दाखवत होते.

अस्वस्थ होण्याचं कारण माझं स्वतःचं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या हॉस्पिटलात काम करायचो तिथे, एका शेतकऱ्याचं हेच ऑपरेशन मी केलं. सुंदर झालं होतं, आजही म्हणेन. पाचव्या दिवशी, शनिवारी रात्री, त्याची नाडी ११८ झाली आणि अनियमित. रेसिडेंटने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने, हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ठोके आवरायचं औषध सांगितलं, ते दिलं. नाडी शंभरावर आली, सगळे निर्धास्त. रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र नोंदवहीत लिहून ठेवलं होतं: पेशंट बरा दिसत नाही, सारखा उठून बसतो. हे वाक्य मी सोमवारी वाचलं. रविवारी सीटी स्कॅनचा टेक्निशियन नव्हता. सोमवारी स्कॅन झाला तेव्हा छातीत उजवीकडे पू साठला होता. तो नवव्या दिवशी गेला. कागदावर कारण लिहिलं 'सेप्टिक शॉक'. शनिवार-रविवार कागदावर कुठेच नाही.

या ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके अनियमित होणं ही वरवर हृदयाची भानगड असते, पण पुष्कळदा खाली जोड गळत असतो, हे आता रेसिडेंटला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारं प्रथिन, उतरायला हवं, ते चढत असेल तर थांबायचं नाही, तोंडाने औषध पाजून सीटी करायचा, गरज पडली तर दुर्बीण आत घालून जोड डोळ्यांनी बघायचा. ज्ञान तसं गुपित नाही, सगळ्यांकडे आहे. पण बघा, साखळी किती लांब आहे. कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. त्याची वरच्याला उठवायची हिंमत झाली पाहिजे. वरच्याने वैतागता कामा नये. स्कॅन रात्री व्हायला हवा आणि तो वाचणाराही हवा. मग सुई घालून पू बाहेर काढणारा रेडिओलॉजिस्ट, स्टेंट (भोक आतून झाकणारी जाळीची नळी) किंवा स्पंज बसवणारा एंडोस्कोपीवाला. हा स्पंजाचा प्रकार भारी आहे: दुर्बिणीतून पोकळीत स्पंज ठेवायचा, नळीने सतत ओढ लावायची, दर तीन-चार दिवसांनी बदलायचा, आणि भोक आतून भरत येतं. पण ते करणारा माणूस गावात असला तर! आणि या सगळ्यात पेशंटच्या फुप्फुसांना जपणारं आयसीयू. एक कडी निसटली की बाकीच्या कड्या कितीही भक्कम असोत.

यातली पहिली कडी सिस्टरची आहे. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा लिंडा एकन यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्यांचा महिनाभरात मृत्यू होण्याची आणि गुंतागुंतीतून न वाचण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. तिथे तुलना होती एका नर्समागे चार पेशंट की आठ, अशी. आपल्याकडच्या जनरल वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, ते तुमच्यापैकी जे कुणी जवळच्या माणसाजवळ रात्रभर बसले असतील त्यांना मी सांगायला नको.

मग उपाय काय? युरोपात त्यांनी सरळ संख्येचा नियम केला. त्याआधी अमेरिकेत बर्कमायर यांनी २००२ मध्ये वयस्क पेशंटांची आकडेवारी मांडली होती: वर्षाला दोनही अन्ननलिका न काढणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यू वीस टक्क्यांच्या आसपास, एकोणीसपेक्षा जास्त काढणाऱ्यांत आठच्या आसपास. नेदरलँड्सने, म्हणजे त्या बदकवाल्या अॅडमिरलच्याच देशाने, २००६ मध्ये ठरवलं की वर्षाला किमान दहा ऑपरेशनं होत नसतील तर तिथे ती करायचीच नाहीत. २०११ मध्ये हा आकडा वीस केला आणि त्याच वर्षी देशभरातल्या अशा ऑपरेशनांची नोंद ठेवायला सुरुवात केली. वीस हा आकडा काही मंत्रासारखा नाही. पण वर्षाला वीस ऑपरेशनं झाली की निदान दोन-तीन लीक बघायला मिळतात, आणि रात्रपाळीच्या सिस्टरलाही ते चेहऱ्यावरून ओळखू यायला लागतं.

आपल्याकडे हा नियम उचलून आणता येईल असं मला वाटत नाही. नेदरलँड्स एका दिवसात मोटारीने आरपार पालथा घालता येतो. गडचिरोलीच्या माणसाला परळला पोचायचं तर प्रवासातच दमछाक, वर टाटाच्या दारात रांग. १९४१ पासून ती रांग आहे आणि मराठवाड्यापासून आसामपर्यंतचे लोक तिच्यात उभे असतात. हे ऑपरेशन रोजच्या सरावाने होतं अशा देशातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. पण पेशंट बरा झाला म्हणून अकराव्या दिवशी गावी गेला आणि चौदाव्या दिवशी ताप आला, तर तो परळला जात नाही. तो तालुक्याच्या डॉक्टरकडे जातो आणि न्यूमोनिया म्हणून सलाईन लागतं. त्या डॉक्टरची चूक मी म्हणणार नाही, त्याच्या हातात धड कागद तरी कुठे असतो? २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशातली कॅन्सर केंद्रं एकमेकांना बांधली गेली. ते धागे तालुक्यापर्यंत पोचले तर ऑपरेशन मुंबईत आणि पुढची राखण गावाजवळ, असं जमू शकेल. तोवर डिस्चार्ज कार्डावर सर्जनचा चालू असलेला फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, मराठीत.

मघाशी चहाच्या वेळी एक ताई विचारत होत्या, आम्ही नातेवाइकांनी नेमकं विचारायचं काय? विचारा, वर्षाला अशी किती करता. विचारा, रात्री दोन वाजता इथे सीटी होतो का, एंडोस्कोपी होते का, आणि होत नसेल तर पेशंटला कुठे हलवणार. डॉक्टर रागावले तर रागावू देत. जो म्हणतो, "माझ्याकडे लीक होतच नाही," त्याच्याबद्दल मला जरा शंका येते. एक तर तो फार कमी ऑपरेशनं करतो, नाहीतर मोजत नाही.

त्या शेतकऱ्यानंतर मी आमच्या युनिटमध्ये एक नियम केला. अन्ननलिकेचा पेशंट बरा दिसत नाही असं सिस्टरला वाटलं, तर रेसिडेंटला न विचारता थेट मला फोन करायचा, कितीही वाजता. पहिला फोन आठवड्याभरातच आला, रात्री पावणेतीनला. नाडी १२२, पेशंट अस्वस्थ, घाम. मी पायजम्यावरच स्कूटर काढली. पोट तपासलं, छाती तपासली, ड्रेन, म्हणजे छातीतलं पाणी बाहेर काढणारी नळी, बघितला, काही सापडेना. शेवटी सिस्टरने चादर वर केली तर लघवीच्या नळीला मांडीखाली पीळ पडला होता. तो सरळ केला, पिशवी भराभरा भरली, दहा मिनिटांत नाडी नव्वदवर. ती बिचारी ओशाळली, "सॉरी सर, उगीच उठवलं." मी तिला म्हटलं, उद्याही वाटलं तर करा फोन. तिने केलाही, दुसऱ्या रात्री सव्वाचारला, आणि तेव्हाही काहीच नव्हतं.